पूर्वपक्ष होईपर्यंत डबा बंद

जळकी म्हणाल तर म्हणा. मी जळायचे. आणि कुणावर, तर टूलरूममधल्या जाधवांवर, ज्यांनी माझं काडीचंही वाईट केलं नाही. उलट माझ्या डब्यातली उसळ खाऊन ‘मॅडम, झकास’ म्हणणारे ते एकटेच. पण आमचे काका चष्मा काढायचे तो फक्त त्यांच्यासाठी, आणि हे मला शेवटपर्यंत सहन झालं नाही.

आधी काका कोण ते सांगते. अंधेरीच्या औद्योगिक वसाहतीत आमची वाल्व बनवणारी कंपनी. काका तिथे इन्स्पेक्शनचे मुख्य आणि मी त्यांच्या हाताखाली. नात्याने ते माझे कुणी नव्हेत. सगळी कंपनीच त्यांना काका म्हणायची, मालकांसकट. उंच, काटकुळे, खिशाला दोन पेनं आणि नाकावर जाड भिंगांचा चष्मा. वाचताना, मोजताना, तोंडावर पाणी मारतानासुद्धा तो नाकावरच. मात्र समोरचा काही बिनतोड बोलला की काका चष्मा उतरवून टेबलावर ठेवायचे, डोळे मिटायचे आणि म्हणायचे, ‘थांबा.’ तेवढाच त्यांचा सलाम. नऊ वर्षं मी त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर बसले आणि त्या चष्म्याची वाट बघितली.

बोलायला महाकठीण माणूस. ‘काका, आज काय उकडतंय ना,’ म्हटलं की लगेच, ‘कशावरून?’ ‘अहो, घाम येतोय.’ ‘घाम भीतीनेही येतो. तुला भीती वाटतेय का?’ घ्या! चहावाला त्यांच्या टेबलावर कप ठेवून पळ काढायचा, तोंड उघडायचाच नाही.

माल नापास झाला की आम्ही त्याला लाल टॅग लावतो, आणि टॅगवर ‘कारण’ असा एक रकाना असतो. जगातला कुठलाही इन्स्पेक्टर तिथे एक शब्द लिहितो, ‘ओव्हरसाइज’. काका लिहायचे, ‘हे भोक मोठं आहे. कारण गेजची नो-गो बाजू, जी आत जायला नको ती, आत गेली. जिथे जिथे नो-गो आत जाते तिथे तिथे भोक मोठं असतं, जसं मंगळवारच्या मालात. इथेही ती आत गेली. म्हणून हे भोक मोठं आहे.’ टॅगच्या मागच्या बाजूपर्यंत मजकूर. प्रॉडक्शनचा मॅनेजर डोक्याला हात लावायचा. ‘काका, एक शब्द लिहा ना हो!’

‘तो निष्कर्ष झाला,’ काका म्हणायचे. ‘कशावरून, ते कोण सांगणार? तुझा मामा?’

हे खूळ न्यायशास्त्राचं. न्याय म्हणजे कोर्टातला नव्हे. आपली तर्क करायची जुनी विद्या. काकांनी नोकरी सांभाळून संध्याकाळच्या कॉलेजात संस्कृत घेऊन एमए केलं आणि तिथे ती त्यांना चिकटली. या विद्येतले लोक देव आहे असं नुसतं मानत नाहीत, सिद्ध करतात. धूर दिसला म्हणजे विस्तव आहे. मडकं दिसलं म्हणजे कुंभार आहे. हे एवढं जग दिसतंय, ते जोडलेलं, रचलेलं आहे, म्हणजे ते करणारा कुणीतरी आहे. कार्य आहे तर कर्ता आहे. हे वाक्य मी दिवसातून पाचदा ऐकायचे.

आणि गंमत बघा, हा माणूस देवळात पाऊल टाकायचा नाही. दसऱ्याला कंपनीत मशिनींची पूजा व्हायची, आम्ही सगळे हात जोडून उभे, आणि काका हात मागे बांधून. मी एकदा विचारलं तर म्हणाले, ‘ज्याला शंका आहे त्याने नमस्कार करावा. माझा देव सिद्ध झालाय, त्याला उगाच कशाला त्रास द्यायचा?’ बायको गेल्यावर घरातले देव त्यांनी शेजारणीला देऊन टाकले होते. तिच्याकडे निदान दोन वेळा दिवा लागेल, माझ्याकडे नुसतं अनुमान होईल, असं त्यांचं म्हणणं.

मी मात्र मंगळवार करणारी, चतुर्थी करणारी. मला वाटलं, चला, हा माणूस आपल्या बाजूचा, आपलं जमेल. कप्पाळ जमलं.

जाधव आमच्याकडे आले तेव्हा मला लागून वर्ष झालं होतं. घाटकोपरला राहायचे, टूलरूममध्ये ग्राइंडिंगवर. पहिल्याच आठवड्यात त्यांच्या एका कामाला काकांचा लाल टॅग लागला. टूलरूमचे लोक टॅग लागला की भांडायला येतात, मला माहीत होतं. जाधव आले, टॅग हातात धरून शांतपणे दोन्ही बाजू वाचल्या आणि म्हणाले, ‘माल नापास, मान्य. पण यातली दोन वाक्यं पुरली असती. बाकीची तीन म्हणजे शाईचा नाश.’

‘कशावरून?’ काकांनी मानही वर केली नाही.

‘आमच्याकडचे पंडित असंच म्हणतात. कारण सांगा आणि त्याचा नियम सांगा, संपलं. पाच-पाच पायऱ्या तुमच्या न्यायवाल्यांना लागतात.’

जाधव बौद्ध. त्यांच्या विहारात रविवारी एक निवृत्त मास्तर जुन्या बौद्ध पंडितांचं तर्कशास्त्र शिकवायचे, आणि हे गृहस्थ आठवडाभर मशिनवर उभे राहून रविवारी तिथे जाऊन बसायचे. मला हे नंतर कळलं. तेव्हा मला दिसलं एवढंच, की काकांनी वर बघितलं, चष्मा काढला, टेबलावर ठेवला आणि म्हणाले, ‘थांबा.’ मग म्हणाले, ‘बसा.’ आणि माझ्याकडे वळून, ‘अगं, ती खुर्ची दे त्यांना.’

ती माझी खुर्ची होती.

त्या दिवसापासून दर शनिवारी जेवणाच्या सुट्टीत वाद. इन्स्पेक्शनच्या बाहेरच्या टेबलावर समोरासमोर दोघं, मधे दोन डबे, आणि मी स्टुलावर. काकांनी नियम घातला होता, आणि तो त्यांच्या विद्येतलाच होता. आपलं म्हणणं मांडण्याआधी समोरच्याचं म्हणणं मांडायचं, त्याला पूर्वपक्ष म्हणतात. आणि तोही असा मांडायचा की समोरच्याने स्वतः म्हटलं पाहिजे, ‘हो, हेच माझं म्हणणं.’ तोपर्यंत डबा उघडायचा नाही. डब्याची भर काकांची. ते म्हणायचे, पोटात भूक असली की माणूस दुसऱ्याचं नीट ऐकतो.

त्यामुळे व्हायचं काय, की देव मानणारे काका भुकेल्या पोटी देव नाही हे सिद्ध करत बसायचे, आणि न मानणारे जाधव समोर मान हलवायचे. ‘नाही काका, अजून कच्चं आहे. आम्ही एवढे सोपे नाही.’ मग काका पुन्हा पहिल्यापासून. कधी अर्धी सुट्टी संपायची. एकदाचं जाधव म्हणायचे, ‘हो, हेच,’ आणि दोन्ही डब्यांच्या कड्या एकदम खाडकन उघडायच्या. मग जेवता जेवता काका उत्तर द्यायचे.

काय बोलायचे हो दोघं! काका म्हणायचे, मडक्यावरून कुंभार. जाधव म्हणायचे, वारूळही मातीचंच असतं, त्यालाही आकार असतो, मग तिथेही कुंभार शोधत फिरणार का? काका म्हणायचे, पहिल्या माणसाला विणायला कुणी शिकवलं, कुणीतरी पहिला गुरू हवाच. जाधव म्हणायचे, तुमचा कर्ता कधी बदलत नाही ना, मग काल जे केलं नाही ते त्याने आज कसं केलं? करायला घेतलं म्हणजे बदलला की! काका म्हणायचे, कर्म जड आहे, त्याला कुणाचं फळ कुणाला द्यायचं हे कसं कळणार, कुणीतरी जाणता बसलेला हवा. दोघंही रंगात यायचे. आवाज मात्र कधी चढला नाही. आणि मधेच चष्मा टेबलावर.

मी काय करत होते? मी जळत होते. कुणी म्हणेल, जाधवांच्या धर्मावर जळत होतीस. छे! मी त्यांच्या खुर्चीवर जळत होते. मीही तयारी करून बघितली. एका शनिवारी आठवडाभर मनात घोळवलेलं बोलले, ‘जाधव, साधं जास्वंदीचं फूल बघा. इतकं सुंदर आपोआप होईल?’ मला वाटलं, काका आता माझी पाठ थोपटतील. काका म्हणाले, ‘अगं, तू माझ्याच बाजूची आहेस. तुझा मला काय उपयोग?’

सहज म्हणाले. पुढच्या मिनिटाला विसरलेही असतील. मी त्या रात्री जेवले नाही.

ओल्या काजूच्या दिवसांत मी मुद्दाम उसळ करून न्यायचे, काकांना आवडते म्हणून. ते बोलण्याच्या नादात खायचे आणि काय खाल्लं याचा पत्ता नाही. ‘झकास’ म्हणायचे ते जाधव. त्यांनी तरी म्हणू नये ना! मला आणखीच संताप यायचा.

एकदा मी विचारलंच. ‘काका, जाधव देव मानत नाहीत. तुम्हाला त्यांचं एवढं काय कौतुक?’ तेव्हा त्यांनी मला नीट बसवून सांगितलं. म्हणाले, हा वाद आपल्याकडे शेकडो वर्षं चालला. बौद्धांनी एक भोक पाडायचं, न्यायवाल्यांनी ते बुजवायचं, पुन्हा त्यांनी दुसरं पाडायचं. दोघंही त्यात तयार होत गेले. मग बौद्ध पंडित या देशात दिसेनासे झाले आणि आमच्या लोकांना विचारणारं कुणी उरलं नाही. ‘मग आम्ही शब्दांचा कीस काढत बसलो. प्रतिपक्ष नसला ना, की देवसुद्धा गंजतो गं. मला तर घरबसल्या घाटकोपरहून प्रतिपक्ष आला. आणि तू विचारतेस कौतुक कसलं?’

हे ऐकून शहाणी बाई गप्प बसली असती.

काका निवृत्त झाले, पाठोपाठ जाधवही झाले. शनिवार काही सुटला नाही, फक्त जागा बदलली. काका दहिसरला नदीजवळ एका चाळीत राहायचे, दोन खोल्या, एकटे. जाधव घाटकोपरहून दोन मेट्रो बदलून यायचे, पिशवीत डबा. मी बोरिवलीची, मला शनिवारी सुट्टी, रिक्षाने दहा मिनिटं. मला कुणी बोलावलं नव्हतं, पण काकांचा शनिवारचा डबा मी नेते असं मीच ठरवून टाकलं. चाळीशेजारी एक टॉवर उठत होता. काका खिडकीतून बोट दाखवून म्हणाले, ‘हा काय कर्त्याशिवाय उभा राहिला?’ जाधव म्हणाले, ‘कुठला कर्ता? तीन बिल्डर बदलले, नकाशा चारदा बदलला, गवंडी मोजायलाच नकोत. तुमच्या जगाचं काम एकाच कंत्राटदाराकडे होतं, कशावरून?’ काका इतके हसले की चष्मा काढायच्या आधीच घसरला.

आता माझं पाप सांगते.

काकांकडे मोबाइल नव्हता. ज्याचं तोंड दिसत नाही त्याच्याशी काय बोलायचं, हा हट्ट. त्यामुळे जाधवांचे निरोप माझ्या फोनवर यायचे. गेल्या वर्षी काकांच्या छातीत दुखलं, चार दिवस हॉस्पिटलात होते. घरी सोडताना डॉक्टर म्हणाले, आठ दिवस फार बोलू नका. जाधवांचा फोन आला, मी तसं सांगितलं. इथपर्यंत सगळं खरं. पण आठ दिवस झाले आणि मी फोन केला नाही. त्यांनी केला तर म्हटलं, ‘अजून नको म्हणालेत. मी कळवते ना.’ आणि काकांना सांगितलं, ‘जाधवांचे गुडघे धरलेत, जिना चढवत नाही म्हणे.’ जीभ जराही अडखळली नाही माझी.

मला एकच हवं होतं, दोन-चार शनिवार त्या समोरच्या खुर्चीवर मी बसावं.

बसले. आणि काय झालं? काकांनी डबा समोर ठेवला, कडीवर हात ठेवला आणि जाधवांचा पूर्वपक्ष मांडायला लागले. अगदी मन लावून, सगळी वारुळं-बिरुळं घेऊन. संपल्यावर समोर बघितलं. समोर मी.

‘हो, हेच त्यांचं म्हणणं,’ मी म्हटलं.

‘तू कोण हो म्हणणार?’

‘काका, गोळ्या घ्यायच्यात. जेवा ना.’

‘नियम आहे.’

तुम्हाला सांगते, दुपारी चार वाजेपर्यंत तो डबा बंद राहिला. शुगरचा माणूस! शेवटी चिडून मी रडायलाच लागले तेव्हा चार घास खाल्ले. पुढच्या शनिवारी तेच. त्याच्या पुढच्या तेच. मधल्या दिवसांत काका नीट जेवायचे, शनिवारी मात्र तो हट्ट. आणि त्यांचं बोलणंही उतरत चाललं होतं. एकदा मडक्याचं उदाहरण अर्ध्यावर सोडून खिडकीतून टॉवरकडे बघत बसले. मला कळत होतं की फोन करायला हवा. रोज ठरवायचे. पण ती खुर्ची सुटत नव्हती हो.

पाचव्या शनिवारी काकांनी पूर्वपक्ष मांडलाच नाही. डबा बाजूला सारला आणि मोकळ्या टेबलावर बोटाने रेघ ओढली.

‘आज दुसरंच बघू. जाधवांचं न येणं हे कुणीतरी घडवलेलं आहे,’ काका म्हणाले. ‘कारण ते ठरावीक आहे. पाच शनिवार, ना निरोप, ना चिठ्ठी. जे जे असं ठरावीक असतं ते ते घडवलेलं असतं, जसं मडकं. हेही तसंच आहे. म्हणून याला कर्ता आहे.’

पाचही पायऱ्या. काका माझ्याकडे बघतही नव्हते, रेघेकडे बघत होते. आता पुढच्या वाक्यात माझं नाव येणार हे मला कळलं, आणि मी बोलत सुटले.

‘ठरावीक म्हणजे घडवलेलं, कशावरून?’ मी म्हटलं. ‘वारूळ ठरावीकच असतं. भरती-ओहोटी ठरावीक असते. तिथे कोण बसलंय घडवत? माणसाचे गुडघे दुखतात, वय होतं, घरी पाहुणे येतात, मेट्रोत दोनदा चढ-उतार. अशी दहा कारणं जमली की माणूस येत नाही. कारणं असतात काका, कर्ता कशाला हवा?’

काकांनी मान वर केली.

‘आणि मडक्याचं म्हणाल, तर कुंभाराला मडकं करताना आपण हजारदा पाहिलेलं असतं. म्हणून नवं मडकं दिसलं की कुंभार आठवतो. कुणाचं न येणं कुणी घडवताना तुम्ही पाहिलंय? एकदा तरी? मग मडक्याचा नियम याला कसा लावता? आणि असलाच कर्ता, तर एकच कशावरून?’

मी धापा टाकत होते. काकांनी चष्मा काढला. टेबलावर ठेवला. डोळे मिटले.

‘थांब,’ म्हणाले.

आई शप्पथ सांगते, त्या क्षणी मी जाधवांना विसरले, खोटं विसरले, सगळं विसरले. इतकी वर्षं ज्याच्यासाठी जळले ते माझ्यापुढे टेबलावर पडलं होतं. काकांनी डोळे उघडले. ‘हे जाधवांनी मान्य केलं असतं,’ म्हणाले, आणि डबा ओढून कडी उघडली. पोळी मोडली. मी आनंदाने वेडी व्हायची बाकी होते.

दोन घास खाऊन म्हणाले, ‘नऊ वर्षं कंपनीत आणि त्यानंतरही, तू इतकं चांगलं कधी बोलली नाहीस. आज का बोललीस?’

मी त्यांच्यापुढे पाण्याचा पेला सरकवला.

‘हेही कार्यच आहे,’ काका म्हणाले. आवाजात राग असता तर बरं झालं असतं. ‘जिवावर बेतल्याशिवाय माणूस एवढा सुरेख वाद घालत नाही. लाव फोन त्यांना.’

मी त्यांच्यासमोरच लावला.

पुढच्या शनिवारी जाधव आले ते जिने चढून, ताडताड. गुडघे ठणठणीत. मी ओट्यापाशी उभी, हातात उगाच एक फडकं. आज माझी अब्रू जाणार हे नक्की होतं. मी घरीच राहणार होते, पण काकांचा डबा कोण नेणार? जाधव बसले, काकांचा हात दोन्ही हातांत धरला. मग हसत म्हणाले, ‘काका, दीड महिना? डॉक्टरने एवढं बांधून ठेवलं? की कुणी अडवलं होतं मला?’

चेष्टेतच विचारलं होतं. काकांनी माझ्याकडे बघितलं नाही. चष्मा धोतराच्या सोग्याने पुसला, घातला.

‘कुणी नाही हो,’ म्हणाले. ‘कारणं बरीच होती. जमून आली. कर्ता कुणी नव्हता.’

जाधवांचा हात डब्यावर तसाच राहिला. ‘काय म्हणालात? पुन्हा म्हणा.’

‘कर्ता नव्हता, म्हटलं.’

‘मॅडम! ऐकलंत ना? साक्षीला आहात तुम्ही!’ जाधव उठून उभेच राहिले. ‘कार्य आहे, नियमित आहे, आणि काका म्हणतात कर्ता नाही! हरलात काका!’

‘हरलो,’ काका म्हणाले. ‘बसा. आज पूर्वपक्ष नको, सरळ जेवू.’

जाधव गेल्यावर मी त्यांच्या पायाशी बसले. ‘काका, का?’ एवढंच म्हटलं. ते म्हणाले, ‘देव सिद्ध आहे गं. माझा एक शनिवार गेला तर त्याचं काही अडत नाही. तुझं अडलं असतं.’ आणि मग नेहमीच्या आवाजात, ‘ती उसळ आणलीस ना आज, काजू जरा कच्चे होते.’

त्यानंतर सात-आठ महिने शनिवार चालले. मी स्टुलावर. जळायचं थांबलं असं म्हणणार नाही; पण आता माझ्याजवळ एक गोष्ट होती जी जाधवांकडे नव्हती, आणि मी ती घट्ट धरून ठेवली होती. मग एका पहाटे काका झोपेतच गेले. चष्मा उशीशेजारी होता.

तेराव्यानंतरच्या शनिवारी जाधव आणि मी खोली आवरायला गेलो. काकांच्या पुतण्याने किल्ली दिली होती. वह्या एका बाजूला, भांडी एका बाजूला. दुपारी जाधवांनी ते जुनं टेबल मधे ओढलं, आपला डबा ठेवला, माझा ठेवला. ‘मॅडम, आज मी काकांची बाजू मांडतो,’ म्हणाले. ‘त्यांच्यातर्फे हो म्हणायला तुम्हीच आहात. मग जेवू.’

आणि मांडली. काय मांडली! मडकं, पहिला विणकर, कर्माचं फळ, एकेक ओळीने. काकांचे शब्द, काकांचे थांबे. देव न मानणारा माणूस डोळ्यांत पाणी आणून देव सिद्ध करत होता, आणि आयुष्यभर उपास करणाऱ्या मला इतकं पटेल असं कधी कुणी सांगितलं नव्हतं. मी ऐकत होते आणि मेलं पुन्हा जळतच होते, की हा माणूस त्यांना इतकं ओळखतो.

‘आणि शेवटी,’ जाधव म्हणाले, ‘एवढं सगळं असून त्यांनीच त्या शनिवारी मान्य केलं, की कर्ता नव्हता. एवढा मोठा माणूस, पण पटलं तर हार मानायला लाजला नाही. मी विहारातही सांगितलं हे सगळ्यांना.’ त्यांनी डोळे पुसले आणि डब्याच्या कडीला हात घातला. ‘बरोबर ना? हेच त्यांचं म्हणणं?’

नुसतं ‘हो’ म्हणायचं होतं. म्हटलं असतं तर कुणाला काही कळलं नसतं. काकांनी मला वाचवलंच होतं; मी वाचलेली राहिले असते. आणि काका कायमचे हरलेले राहिले असते. खरं सांगू? त्यातही मनात एक घाण विचार आला, की आता सांगितलं तर जाधवांना कळेल, काका काही त्यांच्या वादाला हरले नव्हते, माझ्यासाठी हरले होते. कबुली द्यायची तर तीही अशी जळून. पण द्यायची होती.

‘नाही,’ मी म्हटलं. ‘हे त्यांचं म्हणणं नाही. कर्ता होता, जाधव. मी होते.’

अर्धी उघडलेली कडी जाधवांनी पुन्हा लावली, डबा बाजूला सारला आणि समोरची काकांची खुर्ची मला दाखवली.

‘बसा,’ म्हणाले. ‘पहिल्यापासून सांगा.’